डावीकडे वळताना

आधी तो रविवारच्या बाजारात फिरला.
त्रिस्तान नार्वाहाच्या रस्त्यावर, जिथे एकाच पायाचे बूट
आणि बिनकिल्लीची कुलुपं शेजारी शेजारी मांडतात,
वाल्देमार खिशात एक कागद घेऊन.
शाफ्टच्या टोकाला शाई फासून त्यावर दाबलेला:
सरकारी शिक्क्यासारखं वर्तुळ, कडेला बारीक दाते.
याच्यावर बसेल असं काही?
लोक कागद उलटा धरायचे, मग सुलटा.
वर्तुळाला कसलं उलटं नि सुलटं.

सात रविवार.
कुणी फियाटचा अडॅप्टर काढून दिला, कुणी ट्रॅक्टरचा.
एकानं ब्राझीलमधल्या मेव्हण्याला फोन लावला,
मेव्हणा म्हणाला, होता ना. कालपर्यंत होता.

आठव्या आठवड्यात तो माझ्याकडे आला,
ला तेहात, रिफायनरीच्या भिंतीमागे.
मी नेल्वा. बापाचा लेथ चालवते.
बाप गेल्यावरही गिऱ्हाईकं दारातून आत बघून विचारतात,
आहेत का?
वाल्देमारनं विचारलं नाही. टेबलावर स्वेटर ठेवला
आणि उलगडला.

आत स्टिअरिंग. लाकडी कड, तीन ॲल्युमिनियमच्या काड्या,
मधोमध सहा भोकं.
गोटेनबर्गहून बोटीनं आलेलं.
धाकटा भाऊ, ओमेर. त्र्याहत्तर साली एका रात्रीत गेला,
अंगावरच्या कपड्यांनिशी.
त्याच्या अगोदर दोघांनी मिळून ही प्यूजो घेतली होती,
निम्मे निम्मे पैसे घालून.
“अर्धी त्याची. म्हणून विकता आली नाही,” वाल्देमार म्हणाला.
पन्नास वर्षं तो अर्धी गाडी चालवत होता.
आता मार्चमध्ये ओमेर वारला
आणि त्याच्या मुलीनं त्याच्या व्होल्व्होचं हे चाक पाठवलं.
चिठ्ठीत एकच ओळ, शाळेतल्यासारख्या स्पॅनिशमध्ये:
बाबांचा हात इथे असायचा.

मी बोट फिरवलं. डावीकडे वर
लाकूड बोटभर खोलगट, वार्निश पार गेलेलं.
उजवीकडे मात्र नवं कोरं.
“एका हातानं चालवायचा?”
“दुसऱ्या हातात येर्बाचा भोपळा,” तो म्हणाला.
“तिकडे बर्फातसुद्धा.”

मी शाफ्टचे दाते मोजले. तीनदा मोजले,
दोनदा सारखे आले, त्यावर भरवसा ठेवला.
गोल लोखंड लेथला लावलं. निळा कीस
वेटोळी घेत पायाशी पडत राहिला.
दाते कोरायचं काम घाईचं नाही.
कानशीनं एक घासा, बसवून बघा, काढा,
परत एक घासा.
सूतभर चुकलं तर चाक हातात येईल
आणि गाडी आपल्या वाटेनं जाईल.
तिसऱ्या दिवशी, तेलाच्या एका थेंबावर,
ते आत सरकलं, आवाज न करता,
जसा कुणी उशिरा आलेला माणूस
अंधारात आपल्या खुर्चीवर बसतो.

नट घट्ट केला. सहा स्क्रू.
वाल्देमारनं त्या खळगीत अंगठा ठेवला.
त्याचा अंगठा जाड, संधिवातानं सुजलेला,
नीट मावला नाही.
त्यानं हात थोडा खाली घेतला, खळगीच्या शेजारी,
आणि तिथंच धरून गाडी बाहेर काढली.

फक्त हॉर्नची तार मी जरा लांब सोडली होती.
डावीकडे पूर्ण वळलं की ती अडॅप्टरला शिवते
आणि हॉर्न आपोआप वाजतो.
दहा मिनिटांचं काम आहे. मी त्याला तीनदा सांगितलं,
घेऊन ये.
तो म्हणतो, येतो.

दर गुरुवारी चारच्या सुमाराला
नाक्यावर कुणीतरी डावीकडे वळतं
आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडतं.
बेकरीवाली शिव्या घालते.
मी लेथ बंद करते, हात पुसते,
किटलीत पाणी ठेवते, उकळू द्यायचं नाही असं.